खाऱ्या वाऱ्यात वॉटर स्मोकर: परसदारी कोळशावर संथ शिजवण्याची रीत

कोळशाचा वॉटर स्मोकर, म्हणजे मांस-मासे धुरात आणि पाण्याच्या वाफेत संथ शिजवण्याचं यंत्र, चालवणं म्हणजे हवा किती आत सोडायची याचा अंदाज येणं. मसाला, लाकूड, मटणाचा तुकडा हे सगळं त्यानंतरचं. हे यंत्र शिकवणारे व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात आणि त्यांत दाखवलेल्या झडपांच्या खुणा आपल्या अंगणात जुळत नाहीत. तिथली हवा कोरडी, कोळसा कारखान्यातून एकसारख्या वड्यांचा आलेला. आपल्याकडे कोळसा ओल धरतो, त्याचे तुकडे लहानमोठे असतात आणि दुपार झाली की समुद्रावरून वारा लागतो. म्हणून इथे लिहिलेलं सगळं कोकणातलं परस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

यंत्र साधं आहे. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा उभा पिंपासारखा डबा, तीन भागांचा. तळाला कोळशाची थाळी आणि तिच्या कडेला हवेच्या झडपा, साधारण तीन. मधल्या नळकांड्यात खाली पाण्याचं भांडं, वर एकावर एक दोन जाळ्या. सगळ्यांत वर घुमटासारखं झाकण, त्याला एक झडप. वेबर कंपनीचा या आकाराचा स्मोकर १९८१ पासून बाजारात आहे आणि त्यावरून बेतलेले बरेच स्वस्त स्मोकर आता मिळतात. स्वस्त घ्यायला हरकत नाही, फक्त झाकण आणि झडपा नीट घट्ट बसतात का ते पाहा. फटी असतील तर तुम्ही झडपा कितीही बंद करा, विस्तव आपल्याच मर्जीने पेटत राहणार. गावात वेल्डिंगवाल्याकडून जुन्या पिंपाचा करून घेत असाल तर त्यात आधी रसायन किंवा ऑइल नव्हतं याची खात्री हवी, आणि जस्ताचा मुलामा दिलेली जाळी वापरू नका.

पाणी कशासाठी?

विस्तव आणि मांस यांच्यामध्ये पाण्याचं भांडं असल्यामुळे खालची धग थेट वर लागत नाही. पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही, जास्तीची उष्णता वाफ होण्यात खर्च होते. त्यामुळे जाळीजवळचं तापमान १०५ ते १२० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात ठेवणं सोपं जातं, आणि संथ शिजवण्यासाठी नेमकं तेवढंच लागतं. भांड्यात पाणी ओतायचं ते कढत. गार पाणी ओतलं तर सुरुवातीची धग ते तापवण्यातच जाते.

त्या पाण्यात तिरफळं, आमसुलं, लिंबाची पानं, कुणी तर ताडी घालतात. मला त्यात काही राम वाटत नाही. वाफेतून तो वास मांसाला इतका थोडा लागतो की खाणाऱ्याला कळतसुद्धा नाही. आमसुलं सोलकढीसाठी ठेवा.

जागा आणि वेळ

आधी वर बघा. माडाखाली स्मोकर मांडू नका. नारळ पडेल, नाहीतर वाळलेली झावळ झाकणावर येईल. आंब्याखालचा पाचोळा, गवताची उडवी, सरपणाचा मांडव यांपासून चांगलं अंतर हवं. एप्रिल-मे मध्ये कातळावरचं गवत एका ठिणगीने पेटतं, म्हणून पाण्याची भरलेली बादली शेजारी असावीच. बूड म्हणून चार जांभे चिरे सपाट मांडले की काम होतं.

पडवीत किंवा बंद मागीलदारी तर मुळीच नको. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि माणूस गुंगीत जातो. पावसाळ्यात अगदी हौस आलीच तर चारी बाजूंनी मोकळ्या, उंच पत्र्याखाली.

आता वारा. रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, उन्हं चढली की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि तो दुपारी जोर धरतो. या दोहोंच्या मधला सकाळचा काही वेळ हवा जवळजवळ पडलेली असते. विस्तव बसवायला हीच वेळ सोन्यासारखी. मोठा तुकडा करायचा असेल तर पहाटे साडेपाच-सहाला पेटवा, म्हणजे वारा सुटेपर्यंत तापमान स्थिर झालेलं असेल. दुपारी पेटवायला घेतलात तर खारा वारा झडपांतून घुसतो, कोळसा भराभर पेटतो आणि तुम्ही दिवसभर झडपांशी झगडत बसता. वारा सुटल्यावर त्या अंगाची झडप पूर्ण बंद करा, हवा उलट्या बाजूने द्या. झापांचा आडोसा दिसायला छान, पण पेटायला त्याहून छान. पत्रा उभा करा, नाहीतर चिऱ्याच्या गडग्याच्या आडोशाला बसवा.

कोळसा आणि लाकूड

लाकडी कोळसा घ्यायचा. दगडी कोळसा स्वयंपाकाला चालत नाही. इस्त्रीवाल्यांना आणि लोहारांना कोळसा जिथून मिळतो तिथे विचारा. पोत्यातला माल घरी आला की चाळून घ्या, कारण चुरा तळाशी बसून हवेची वाट अडवतो. मुठीएवढे तुकडे वेगळे, मोठे फोडून घ्या. आणि पोतं तसंच पडवीत ठेवू नका. दमट हवेत कोळसा ओल ओढतो, मग पेटताना तडतडतो आणि धुरकट जळतो. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात ठेवला तर पावसाळ्यानंतरही चांगला राहतो. तरी शंका आली तर दोन दिवस कडक उन्हात पसरायचा.

करवंटीचा कोळसा मिळाला तर उत्तम. पेटायला उशीर लावतो, पण धग चांगली, राख कमी आणि टिकतोही बराच वेळ. कच्ची करवंटी मात्र काळा, तेलकट धूर सोडते. ती फक्त आग लावण्यापुरती.

धुराचं लाकूड वेगळं. कोळसा धग देतो, लाकूड वास देतं. आपल्याकडे पेरूचं लाकूड यासाठी पहिल्या पसंतीचं: धूर सौम्य, गोडसर. आंब्याचंही चालतं, पण साल काढलेलं आणि वर्षभर वाळलेलं, कारण ओल्या लाकडात चीक असतो. मुठीएवढे तीन-चार तुकडे पुरतात. ते भिजवत बसू नका. भिजवलेल्या लाकडातून आधी नुसती वाफ निघते आणि मग कोंडलेला पांढरा धूर.

काय वापरू नये ते जास्त महत्त्वाचं. कण्हेर आणि काजरा विषारी. बिब्ब्याच्या जवळपासही जाऊ नका. काजूबियांची टरफलं घरात ढिगाने पडलेली असतात, पण त्यातलं तेल कातडी भाजतं आणि धूरही घशाला व डोळ्यांना लागतो, तेव्हा ती स्मोकरमध्ये नकोत. किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड दिसायला सुरेख, पण त्यात समुद्राचं मीठ मुरलेलं असतं आणि ते जळताना घातक वायू तयार होतात. जुन्या होडीच्या फळ्या रंगामुळे बाद. प्लायवूड, फर्निचरचे तुकडे, रंगवलेली खोकी, सगळं बाद.

विस्तव बसवण्याची रीत

नवा स्मोकर असेल तर पहिल्यांदा काहीही न ठेवता दोन-तीन तास जाळून घ्या. कारखान्यातलं तेल आणि वास जातो. पुढे वापरता वापरता आतून काळा थर धरतो आणि बारीक फटी आपोआप बुजतात.

मोठ्या तुकड्यासाठी थाळीतलं कोळसा धरून ठेवणारं गोल कडं न पेटवलेल्या कोळशाने भरायचं, मधल्या मापाच्या, साधारण ४७ सेंटिमीटर व्यासाच्या स्मोकरमध्ये चार-पाच किलो. मध्ये थोडा खळगा ठेवायचा. लाकडाचे तुकडे कोळशात इथे-तिथे पुरून ठेवायचे. मग वेगळे पेटवलेले पंधरा-वीस निखारे त्या खळग्यात टाकायचे. विस्तव मधून बाहेर हळूहळू सरकत जातो आणि सहा-आठ तास पुन्हा कोळसा घालावा लागत नाही. अमेरिकेतल्या स्पर्धांमध्ये भाग घेणाऱ्या जिम मिनियन यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते. सगळा कोळसा आधीच लाल करून घातला तर तापमान चढतं आणि मग ते उतरवताना घाम फुटतो.

ते निखारे पेटवायला पत्र्याच्या मोठ्या डब्याला तळाशी आणि खाली कडेने भोकं पाडून घ्या. तळाशी कागद आणि वाळलेल्या सोडणाचा काथ्या, वर करवंटीचे दोन तुकडे, त्यावर कोळसा. दहा-पंधरा मिनिटांत वरच्या कोळशावर राखेचा पांढरा थर येतो. रॉकेल, पेट्रोल, डिझेल काही ओतू नका. वास शेवटपर्यंत जात नाही, आणि भडका उडण्याचा धोका वेगळाच.

निखारे टाकले की मधला भाग बसवा, कढत पाण्याने भांडं भरा, झाकण लावा. सुरुवातीला खालच्या तिन्ही झडपा आणि वरची झडप पूर्ण उघडी. तापमान ९० अंशांवर आलं की खालच्या झडपा अर्ध्यावर आणा, १०० जवळ आलं की आणखी कमी करा. वरची झडप शेवटपर्यंत उघडीच राहू द्या. ती बंद केली तर धूर आत कोंडतो आणि मांसावर कडवट, चिकट थर बसतो.

एकदा झडप हलवली की पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. या यंत्राला आज्ञा पोचायला वेळ लागतो. तापमान १२० च्या पुढे पळालं तर खालच्या दोन झडपा पूर्ण बंद करून थांबा, भांड्यातलं पाणी संपलं नाही ना ते बघा. उतरत चाललं असेल तर पायांना हलकासा धक्का द्या, राख खाली झडते आणि हवेची वाट मोकळी होते. आणि झाकण सारखं उचलायचं नाही. उचललं की धग जाते, त्याच वेळी ताजी हवा कोळशाला मिळते आणि झाकण लावल्यावर आग उसळते. पाहुणे कौतुकाने उघडायला येतात, त्यांना आधी चहा द्यावा.

धुराकडे बघायला शिका. सुरुवातीचा दाट पांढरा धूर हा अर्धवट जळण्याचा. तो जाऊन झाकणाच्या झडपेतून विरळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर येऊ लागला की मांस ठेवायची वेळ झाली. धूर जास्त म्हणजे चव जास्त असं काही नसतं.

झाकणावरच्या तापमानाच्या काट्यावर फार विसंबू नका, तो घुमटाजवळची हवा मोजतो. टोचून बघायचा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि आधी उकळत्या पाण्यात बुडवा. आपण समुद्रसपाटीला आहोत, तेव्हा तो १०० दाखवायला हवा.

पहिल्यांदा कोंबडी

शिकायला कोंबडीसारखं दुसरं काही नाही. दोन-तीन तासांत होते, स्वस्त पडते, चुकली तरी रश्श्यात जाते. ब्रॉयलरच घ्या. गावठी कोंबडी या संथ, कोरड्या धगीवर चिवट होते, तिचा मान वडे-सागोतीतच. दुकानात सांगून कातडीसकट मागा, नाहीतर सवयीने ते सोलूनच देतात. पाठीतून कापून सपाट उघडलेली दीड किलोची कोंबडी रात्री मीठ, हळद, आलं-लसूण, मालवणी मसाला आणि दोन चमचे आगळ (कोकमाचा खारवलेला रस) लावून फ्रिजमध्ये न झाकता ठेवा. आगळ खारट असतं, त्या हिशेबाने मीठ कमी.

कोंबडीला १३० ते १४० अंश धग चांगली, म्हणून पाण्याच्या भांड्यात पाणी थोडंच घाला. १०५ वर केली तर कातडी रबरासारखी राहते. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकता, ७४ अंश दिसले की झाली. कातडी तरी मऊ वाटली तर बिडाच्या तापल्या तव्यावर कातडीची बाजू दोन मिनिटं दाबून धरा.

बांगडा

कोकणात स्मोकर घेण्याचं खरं कारण माझ्या मते हेच. तेलकट मासा धूर चांगला धरतो आणि बांगड्याइतका तेलकट, स्वस्त आणि ताजा मासा आपल्याला दारात मिळतो. पापलेट यात घालू नये, त्याची नाजूक चव धुरात हरवते. सुरमईच्या जाड तुकड्या चालतात.

ताजेपणावर तडजोड नको. बांगडा, तारली, कुपा असे मासे बर्फाशिवाय तासन्‌तास पडून राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही, धुरानेही नाही. अंगावर गांधी, डोकेदुखी, मळमळ हे त्याचेच परिणाम. जेटीवर किंवा बाजारात सकाळी लवकर घ्या, पिशवीतच बर्फ घाला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, त्या काळातला बांगडा बहुधा बर्फातला किंवा बाहेरून आलेला असतो. तेव्हा स्मोकरमध्ये कोंबडीच बरी.

बांगडा पाठीतून फाडून पुस्तकासारखा उघडा, आतडी आणि रक्ताची रेघ स्वच्छ काढा. एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम मीठ, थोडा गूळ आणि बिया काढून ठेचलेली चार-पाच तिरफळं घालून त्यात अर्धा तास ठेवा. मग काढून कोरडा पुसा. यानंतरची पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात: माशाच्या अंगावर तकतकीत, किंचित चिकट थर येईपर्यंत तो वाळवायला हवा. धूर या थरालाच धरतो. ओल्या माशावर तो घामासारखा ओघळून जातो. आपल्या दमट हवेत उघड्यावर हे होत नाही, शिवाय माश्या बसतात. फ्रिजमध्ये जाळीवर दोन तास न झाकता ठेवा.

विस्तव थोडा, दीड-दोन किलो कोळशाचा. तापमान ९० ते १००. पेरूचा एकच तुकडा, फार तर दोन. जाळीला तेल पुसून बांगडा कातडी खाली करून ठेवा. तासाभराने जाड भागात ६३ अंश आले, मांस पाकळ्यांनी सुटू लागलं की काढा. शेवटची दहा मिनिटं राहिली की वरून आगळाचा हात फिरवा.

गरम गरम तांदळाच्या भाकरीबरोबर खा. उरलाच तर काटे काढून कुस्करा आणि ओलं खोबरं, कांदा, मिरची, चिंचेचा कोळ घालून किसमूर करा. सुक्या बांगड्याच्या किसमुरीपेक्षा ही वेगळी लागते आणि मला तरी जास्त आवडते.

एक मात्र लक्षात असू द्या. हा बांगडा सुक्या मासळीसारखा टिकाऊ नाही. यात मीठ कमी आणि ओल भरपूर असते. जेवण झाल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. लाईट बराच वेळ गेलेली असेल तर चाखून बघण्याचा मोह टाळा.

बोकडाचा खांदा, फणस

दीड किलोचा खांदा हाडासकट घ्या. मीठ, मिरी, मालवणी मसाला आदल्या रात्री लावा. ११० ते १२० अंशांवर, पाण्याचं भांडं पूर्ण भरून. पहिले तीन तास धूर लागू द्या. मांसाच्या आत ६५ ते ७० अंश झाले की काटा अडून बसतो, कधी तासभर हलतच नाही. मांसातून निघणारा ओलावा वाफ होताना त्याला गार ठेवतो, म्हणून असं होतं. या वेळी घाबरून कोळसा वाढवू नका. बोकडाच्या मांसात चरबी कमी, म्हणून मी याच टप्प्यावर तुकडा गुंडाळतो: केळीचं पान आचेवर मऊ करून त्यात, आत अर्धी वाटी नारळाचं दूध, बाहेरून ॲल्युमिनियम फॉइल. मग ९२-९५ अंशांपर्यंत जाऊ द्या. सगळं मिळून पाच-सहा तास. हाड हाताने ओढलं की सुटून यायला हवं. काढल्यावर निदान अर्धा तास तसंच गुंडाळलेलं ठेवा. डुकराचा खांदाही याच रीतीने होतो, त्याला वेळ जास्त पण चरबीमुळे काळजी कमी.

वरच्या जाळीवर जागा उरते. कच्च्या फणसाचे मोठे तुकडे, नीरफणसाच्या फोडी, वांगी तेल-मीठ लावून तिथे ठेवा. खाली ठेवू नका, मटणाचं पाणी त्यांच्यावर गळेल आणि घरातल्या शाकाहारी माणसाच्या ताटात ते जाणार नाही. कच्चा फणस आधी वाफवून घ्यावा लागतो, नाहीतर आतून कचकचीत राहतो. धुरातला फणस काढून नेहमीची ओल्या खोबऱ्याची भाजी केली की तिला चुलीवरच्या स्वयंपाकाचा वास येतो.

विझवणं आणि सांभाळणं

काम झालं की वरच्या-खालच्या सगळ्या झडपा बंद. हवा तुटली की विस्तव आपोआप विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळेला वापरता येतो. पाणी ओतून विझवू नका, वाफेने हात भाजतो आणि मुलामा तडकतो. राख दुसऱ्या दिवशी काढा, पत्र्याच्या डब्यात, कारण आतले निखारे बराच वेळ जिवंत राहतात. निव्वळ लाकडी कोळशाची राख जांभ्या मातीला थोडी-थोडी चालते, ती माती आंबट असते आणि राख तिला उतारा देते. भांड्यातलं चरबीचं पाणी मात्र झाडाच्या बुंध्यात ओतू नका. मुंग्या लागतात, रात्री कुत्री आणि मुंगूस येऊन सगळं उकरतात. लांब खड्डा करून त्यात ओता, वर माती लोटा.

खारी हवा लोखंड खाते आणि ओली राख त्याला मदत करते. राख आत ठेवून पावसाळा काढला तर तळाची थाळी भोकं पडून हातात येईल. मे संपता संपता स्मोकर पूर्ण सुटा करा, जाळ्या घासून, वाळवून, त्यांना खाण्याच्या तेलाचा हात द्या. झडपांच्या खिळ्यांना आणि पायांच्या बोल्टना तेलाचा थेंब सोडा, गंजून अडकल्या की झडपा फिरत नाहीत. भाग एकात एक घालून घरात माळ्यावर ठेवा, अंगणात ताडपत्रीखाली नको. ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि गंज भराभर चढतो. थर्मामीटरची बॅटरी काढून ठेवायला विसरू नका.